ती बोलत होती, बाई

बाई, आज मी माझाच रिपोर्ट चुकीचा होता असं लेखी दिलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि मग कँटीनमध्ये जाऊन करक, म्हणजे इथला दाट दुधाचा, चहा घेतला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी कोणापुढे काही कबूल केल्याचं मला आठवत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, "अगं, होतं असं कधीकधी." लेकीशी मी मराठीत बोलते आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते, तीही "मम्मा, इट्स ओके" म्हणेल आणि फोनकडे वळेल. पण हे ओके नाही. ते ज्यांना मी समजावून न सांगता कळलं असतं त्या तुम्ही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी अमिरातीत, अल ऐनला असते. एका हॉस्पिटलमध्ये तुम्ही शिकवलेलंच काम करते. मेंदूला झटका येऊन ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यापुढे बसायचं आणि काय उरलंय ते शोधायचं. कॉलेजात बाकी सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, मी एकटी बाई म्हणायची, कारण शाळेतली सवय सुटली नव्हती आणि तुम्हीही कधी टोकलं नाहीत. इथे आता मलाच सगळे मॅडम म्हणतात. अरबी येणारी असिस्टंट आहे, हिंदी माझी मीच सांभाळते, मल्याळम नर्सेस सांभाळतात, उर्दू, पश्तो, तगालोग, कोणी ना कोणी कॉरिडॉरमध्ये सापडतंच. पंधरा वर्षांत माझं कुठे अडलं नव्हतं. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

जानेवारीत एक आजी आल्या. वय सत्तरच्या पुढे, अंगाने लहानखुऱ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. त्यांची मुलगी इथल्या एका शाळेत टीचर आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जिथे नद्या सहासहा महिने गोठलेल्या असतात तिथलं त्यांचं गाव. थंडी टाळायला आई चार महिने लेकीकडे आली आणि इथेच झटका आला. उजवा हात गेला, आणि इंग्रजी गेलं. माझ्यासमोर फाईल आली तेव्हा त्यात लिहिलं होतं, भाषा इंग्रजी. मी कार्डं काढली. आमची कार्डं इथली आहेत, उंट, खजूर, लांब चोचीची कॉफीची किटली. त्यांनी एकदा बघितलं आणि बाजूला ठेवून दिली. मग मी तुमची पिशवी काढली. ती खादीची, जिच्यात तुम्ही पळी, कुलूप, कंगवा, शिट्टी आणि अडकित्ता ठेवायचात. चित्रं जिथे थांबतात तिथे वस्तू चालतात हे तुमचंच वाक्य. मी पळी धरली, चमचा धरला, कंगवा धरला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "हे काय आहे?" आजींनी चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मधूनच त्या हळू आवाजात बोलत होत्या, लांब लांब, घशातून येणारे आवाज, मध्येच थांबून. मी मुलीला विचारलं, "काही कळतंय का?" ती म्हणाली, "थोडं थोडं. पण नीट लागत नाही. मला वाटतं शब्द मिसळले असावेत." मी लिहिलं, प्रश्नांना प्रतिसाद नाही, उच्चार होतात पण अर्थपूर्ण बोलणं नाही, थेरपीचा उपयोग होण्याची शक्यता कमी. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं होतं.

बाई, हे वाक्य मी आधी कुठे लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी तिसऱ्या वर्षाला होते. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलमधला पुरुषांचा वॉर्ड, कोपऱ्यातली खाट, जव्हारकडचा एक वारली माणूस, आणि त्याची बायको खाटेखाली गोणपाटावर बसलेली. तो बोलतोय, मला एक अक्षर कळत नाहीये, आणि मला पाचची गाडी पकडायचीय. मी लिहून टाकते, अर्थपूर्ण बोलणं नाही. तुम्ही कॉरिडॉरमध्ये कागद वाचता. आवाज चढवत नाही, तुमचा तो स्वभावच नव्हता. आत जाता, लाकडी स्टूल ओढून त्याच्या डोळ्यांच्या खाली बसता, कारण पेशंटच्या वर बसून त्याच्याशी बोलायचं नाही हा तुमचा नियम, आणि पंधरा मिनिटं फक्त ऐकता. मधूनमधून त्याच्या बायकोकडे बघता, ती मान डोलावते. मग बाहेर येऊन मला म्हणता, "तो बोलतोय. तुला कळत नाही हा तुझा आजार आहे. त्याच्या रिपोर्टात तुझा आजार का लिहिलास?" मला रडू फुटलं होतं. तुम्ही रडूकडे लक्षही दिलं नाहीत. म्हणालात, "सोमवारी परत जा. त्या बाईला शेजारी बसव, तिला विचार, मग नव्याने लिही." मंगळवारी तुम्ही विचारलंत, "गेली होतीस?" मी हो म्हणाले. तुम्ही हसलात. वर्ष संपताना तुम्ही मला तुमची पिशवी दिलीत आणि म्हणालात, "परत जाणारी पोरं कमी असतात."

तर इथे काय झालं ते ऐका. रिपोर्ट दिल्यावर चार दिवसांनी आजींची मुलगी माझ्या खोलीत आली. भांडायला नव्हती आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुमच्या कागदाप्रमाणे थेरपी या महिन्याअखेर बंद होणार. ते मी समजू शकते. पण सहा आठवड्यांनी मी तिला घरी नेणार, तेव्हा हा कागद आमच्याबरोबर येणार. तिकडेही आधी हाच वाचतील. हिला काही कळत नाही म्हणतील आणि गावापासून लांब, शहरातल्या म्हाताऱ्यांच्या एखाद्या होममध्ये ठेवतील. तिथे तिची भाषा बोलणारं कोणी नसेल." मी म्हटलं, "कुठली भाषा? तुम्ही तर इंग्रजी लिहिलंय." ती मग म्हणाली, "फॉर्मवर एकच रकाना होता."

त्या भाषेला बाहेरचे लोक स्लेव्ही म्हणतात. ते नावही दुसऱ्यांनीच ठेवलेलं, हे लोक स्वतःला देने म्हणवतात. बोलणारे थोडेच, आणि त्यातले बरेचसे म्हातारे. आजी सहा वर्षांच्या असताना त्यांना घरातून उचलून मिशनच्या बोर्डिंग शाळेत नेलं. तिथे आपली भाषा बोललं की मार. पुढे त्यांना मुलं झाली तेव्हा त्यांनी ठरवलं की मुलांना ही भाषा द्यायचीच नाही. मुलगी म्हणाली, "आम्हाला मार बसू नये म्हणून. ती बहिणीशी बोलायची, मासे साफ करताना, आणि आम्ही दाराआडून ऐकायचो. म्हणून मला अर्धंच कळतं. म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, शब्द मिसळलेत. मला शब्द येत नाहीत, असं म्हणायला हवं होतं." आणि मग ती रडली, आणि मी तिला टिश्यूचा डबा पुढे केला. बाई, माझा आजार एव्हाना दोघी मायलेकींना लागला होता.

मी विचारलं, मावशी आहेत का अजून? होत्या. आमच्या सकाळी आठला तिकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजतात. दुसऱ्याच दिवशी टेबलावर टॅब उभा केला. पडद्यावर जाड चष्म्याच्या एक बाई आल्या, मागे स्टोव्हवर किटली. आजी बोलायला लागल्या. मी स्टूल खाली केलं आणि बसून राहिले. मावशी बराच वेळ ऐकत होत्या, मग इंग्रजीत मला म्हणाल्या, "बोलतेय की. काही शब्द अदलाबदल होतायत, दोरा म्हणायचं तिथे पाणी म्हणते. पण बोलतेय. इथला सूर्य बरा आहे पण नदी कुठाय विचारतेय." मी विचारलं, मग माझ्या प्रश्नांची उत्तरं का दिली नाहीत? मी काय केलं ते मुलीने मावशीला सांगितलं, चमचा धरला, हे काय आहे विचारलं. मावशी खो खो हसायला लागल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला कोणी असं विचारत नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते कशाला विचारायचं? शेजारी बसायचं, बघायचं, करायचं. तिला वाटलं असेल, एवढी शिकलेली बाई, हिला चमचा माहीत नाही. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून तिने तोंड फिरवलं."

माझ्या नोंदीत त्याला 'प्रतिसाद नाही' असं नाव होतं. मी पेन खाली ठेवलं.

मुलीने पर्समधून एक सपात, घरात घालायचा मऊ जोडा, काढली. मूसच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, कातड्याची, धुरावर शेकलेली, वर मण्यांचं अर्धवट फूल. आई आल्यापासून ती हे शिकत होती. मी काही विचारलं नाही, तिलाही विचारू दिलं नाही. तिने ती नुसती आईच्या मांडीवर ठेवली. आजींनी डाव्या हाताने उचलली, नाकाला लावली, मग डोळ्यांजवळ नेली, आणि एकदम लांबलचक काहीतरी बोलल्या, बोट मण्यांवर आपटत. मावशी पडद्यावर पुन्हा हसल्या. "म्हणतेय, हे पान वाकडं घातलंय. इथपासून इथपर्यंत उसव." मुलगी तिथेच बसून उसवायला लागली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हात चाललेत. झटक्यानंतर आईने तिला पहिल्यांदा काही सांगितलं होतं, आणि ते रागावणं होतं.

तेव्हापासून आमचं सेशन उलटं चालतं. मी प्रश्न विचारत नाही, चुकीचं करते. त्यासाठी मला नाटक करावं लागत नाही, मण्यांत सुई घालायला अजून जमत नाही. आजी सुधारतात, मावशी सांगतात, मुलगी तो शब्द वहीत लिहिते आणि मोठ्याने म्हणते, तिचा उच्चार चुकला की आजी पुन्हा म्हणतात. सोळा सेशन झाली. आता आजी दोऱ्याला पाणी म्हणत नाहीत, म्हटलं तर स्वतःच थांबतात. परवा मी तुमच्या पळीने कपातला चहा ढवळला. आजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं की भाषांतराची गरज पडली नाही. मुलीने तरी ते केलंच, "एवढी मोठी कपात कोण घालतं?"

राहिला रिपोर्ट. सिस्टीममध्ये गेलेला रिपोर्ट बदलता येत नाही, वर दुरुस्ती जोडता येते, आणि त्यावर हेडची सही लागते. आमचे हेड जॉर्डनचे, माणूस वाईट नाही. म्हणाले, "प्रकृतीत सुधारणा झाली असं लिही, खलास. चूक झाली असं कशाला? क्वालिटी कमिटीकडे जाईल, तुझ्या फाईलला लागेल." मी म्हटलं, सुधारणा झाली असं लिहिलं तर आधी ती बोलत नव्हती असा अर्थ होतो. ती पहिल्या दिवसापासून बोलत होती. म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." इथे पंधरा वर्षं काढल्यावर कुठलं इन्शाल्ला हो आणि कुठलं नाही ते कळतं. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, मला घाई नाही. त्यांनी दोन फोन केले, एक मेल वाचलं, मग माझ्याकडे बघून सही केली. दुरुस्तीत मी लिहिलंय, 'रुग्णाची भाषा स्लेव्ही आहे. मूल्यमापन करणारीला ती येत नव्हती आणि तिने ते नोंदवलं नाही. रुग्ण पहिल्या दिवसापासून अर्थपूर्ण बोलत होती. थेरपी तिच्या भाषेतच, नातेवाइकांसह, चालू ठेवावी.' तिकडे जो कोणी वाचेल त्याला आधी हे दिसेल. कमिटीने बोलावलं तर जाईन.

हे सगळं तुम्हाला अभिमानाने सांगता आलं असतं. पण ही चिठ्ठी मी पिशवीत, अडकित्त्याखाली ठेवणार आहे, आणि त्याचं कारण एवढंच आहे. बाई, त्या सोमवारी मी गेले नव्हते. मैत्रिणीचा साखरपुडा होता. मंगळवारी सकाळी, तुम्ही विचारायच्या आधी, वॉर्डात डोकावले तेव्हा खाट रिकामी होती आणि गोणपाटही नव्हतं. त्याच्याबरोबर माझा कागद गेला, तसाच. खोटं बोलून मिळवलेली ही पिशवी मी इतकी वर्षं वापरतेय.

उद्या सोमवार आहे. आठला जायचंय.