ओसरीवरचा ठेका

प्रिय एझ्रादादा,

परवा आईला अखेरचा निरोप द्यायला आलो, तर भर चर्चमध्ये, पाद्र्याच्या झग्यात, तू म्हणालास, "मिस्टर पेटवे, ती सैतानी गिटार बाहेर ठेवा." सख्ख्या भावाला मिस्टर! मी गिटार मोटारीत ठेवून आलो आणि मागच्या बाकावर बसलो.

लहानपणी आपण झाडूला गुंडाळलेली तार सोडवून ओसरीच्या भिंतीला खिळे ठोकून ताणायचो. मी तिच्यावर बाटली फिरवून वाजवायचो, तू ओसरीच्या लाकडी फळ्यांवर पाय आपटायचास. आई ओरडायची, "अरे, घर पाडताय का?" तोच ठेका माझ्या पहिल्या रेकॉर्डवर आहे. रॉक अँड रोलचा हा ठेका कुठून आणलात, असं पेपरवाले विचारतात. वीस वर्षं मी सांगतोय, माझाच आहे.

परवा सगळे गाऊ लागले आणि व्यासपीठावर तुझा बूट हलू लागला. तोच ठेका, दादा. मी पाहिलं.

हे पत्र टाकणार नाही. तू त्याचंही प्रवचन करशील. मेम्फिसच्या या हॉटेलात गिटार मांडीवर घेऊन तासभर नुसता बसलोय. सुरुवात करायला मी अजून तुझ्या पायाची वाट बघतो.

आईमागे ज्याला या घरच्या नावाने हाक मारणारा तू एकटाच उरलास, तो
टूट