बोर्ड वाजतो आहे, सबब परत नेऊ नये

प्रति,
मा. साहाय्यक संचालक,
लोककला ध्वनिजतन कक्ष,
जॉर्ज टाऊन, पिनांग.

विषय : माहितीपुस्तिकेविना मिळालेला व तरीही सुरू झालेला ध्वनिपरिवर्तक मूल्यमापन बोर्ड मंडळाकडेच राहू देण्याबाबत.

संदर्भ : (अ) आपले पत्र, "बोर्ड वापराविना पडून असल्याने जमा करून घेण्याबाबत". (आ) त्याच आठवड्यात आलेली नगरपालिकेची नोटीस, "विनापरवाना दुरियन विक्रीबाबत". दोन्हींचा संबंध खाली येतोच.

महोदय,

१. अर्जदार चुन हुआ बाहुली मंडळाची चिटणीस आहे. आमचे मंडळ तेओच्यु या चिनी बोलीत काठीच्या बाहुल्यांची नाटके करते. मंडळाचे प्रमुख, अर्जदाराचे मामा श्री. तेओह बाक हेंग, यांनी आयुष्यभर राण्या, सुना आणि नायिकांना आवाज दिला. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला. तो आता जुन्या फितींवरच उरला आहे. त्या फितीही अशा झाल्या आहेत, की वाजवताना त्यांच्यावरचा थर भुकटी होऊन गळतो. थोडक्यात, प्रत्येक फीत एकदाच वाजेल. ती वाजत असतानाच आवाज संगणकात उतरवून घ्यावा, म्हणून आम्ही आपल्या योजनेत सहभागी झालो.

२. योजनेतून यंत्र येईल अशी समजूत होती. प्रत्यक्षात आला तो एक हिरवा, उघडाबोडका बोर्ड. आवाज संगणकात उतरवणारी चिप विकत घेण्याआधी इंजिनिअरांनी ती पारखून पाहावी यासाठी असले बोर्ड बनवतात, असे मागाहून कळले. त्याला डबा नाही, झाकण नाही, बटण म्हणावे असे काही नाही. नुसत्या पिना, बारीक खटके, आणि पिनांवर बसवायच्या चिमुकल्या टोप्या एका पिशवीत सुट्या. माहितीपुस्तिका नव्हती. खोक्यात छापील मजकूर एवढाच सापडला : दमटपणा शोषणाऱ्या पुडीवर अनेक भाषांत "खाऊ नये". या सूचनेचे मंडळाने काटेकोर पालन केले आहे.

३. आपल्या कक्षातील श्री. झुलहेल्मी यांना फोन केला असता ते म्हणाले, "अहो ताई, साधा बोर्ड तर आहे. वायर लावा, वाजेल." कुठली वायर, कुठे लावू, असे विचारल्यावर म्हणाले, "ते पुस्तिकेत असतं ना!" उत्पादक कंपनीने कळवले, की पुस्तिका फक्त ग्राहकाला देतात आणि ग्राहक आपला कक्ष आहे. कक्षात गेल्यावर समजले, की पुस्तिका मागवायची तर मागणीपत्रात पुस्तिकेचा क्रमांक भरावा लागतो. हा क्रमांक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असतो.

४. नाइलाजाने शेजारच्या लेचुमीअक्कांना बोलावले. त्या चिपच्या कारखान्यात तपासणीला असतात. बोर्ड उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "असले मी रोज बघते गं. पण आम्ही पास-नापास करतो, वाजवत नाही." मग एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे टोपी चुकलीस तर धूर निघेल. बाकी ठिकाणी चुकलीस तर नुसताच पोपट होईल. कर बिनधास्त." मंडळाने पुढील सर्व काम याच तांत्रिक मार्गदर्शनाखाली केले.

५. मामांची फीत चाचणीसाठी पणाला लावणे शक्य नव्हते. म्हणून कोपऱ्यावरच्या दुरियन-फळवाल्याकडून त्याची पुकाऱ्याची कॅसेट उसनी आणली. टोप्या इकडच्या तिकडे करत बसलो. आधी काहीच नाही, मग नुसती घरघर, आणि अखेर आवाज उतरला, तोही स्वच्छ : "या, या! बालिक पुलाऊचा दुरियन, आजच झाडावरून पडलेला!" नाटकाचे कर्णे संगणकाला जोडलेलेच राहिले होते, हे आनंदाच्या भरात कोणाच्या लक्षात आले नाही. गल्ली पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. मामी ओरडून सांगत होत्या, "अहो, दुरियन नाही, बोर्ड आहे बोर्ड!" त्यावर एक आजोबा म्हणाले, "चालेल. कसा किलो?" संदर्भ (आ) चा खुलासा एवढाच आहे. टोप्यांच्या जागा मामींच्या नखांच्या लाल रंगाने खुणा करून पक्क्या केल्या आहेत.

६. त्यानंतर मामांची पहिली फीत लावली. ती वाजत असताना मध्ये ऐकण्याची सोय नव्हती. फीत संपली, टेबलावर तपकिरी भुकटी पडली, आणि संगणकातून राणीऐवजी चिचुंद्री बोलू लागली. आवाज गेला तो कायमचा गेला, असे अर्जदारास वाटले व अर्जदार रडली, हे नमूद करते. मामी तेवढ्या म्हणाल्या, "जन्मभर राण्यांचा तोरा मिरवलात, आणि शेवटी निघालात काय, तर उंदीर!" मामांचे खांदे गदगदा हलत होते. ते हसत आहेत हे कळायला वेळ लागला, कारण त्यांच्या हसण्यालाही आता आवाज नाही. लेचुमीअक्का म्हणाल्या, "रडतेस काय? उतरलंय नीट, संगणक अजून त्या कॅसेटच्याच वेगानं, म्हणजे दुप्पट वेगानं वाचतोय." वेग बदलला, आणि मामांचा आवाज घरभर झाला. मामी पदार्थ करपतोय सांगून आत गेल्या. चूल पेटवलेली नव्हती. मामांनी शेवटपर्यंत ऐकले आणि पाटीवर लिहिले, "तिसऱ्या ओळीला सूर उतरला आहे. ही ओळ मंडळातल्या शिकाऊ मुलींना अशी शिकवू नका."

७. श्री. झुलहेल्मी पाहणीस आले तेव्हा हेच त्यांना ऐकवले. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, माझ्या कानाला वाजतोय हो, पण कागदाला वाजत नाही." कारण बोर्ड चालतो हा दाखला पुस्तिकेतील चाचण्या पार पडल्यावरच देता येतो. पुस्तिका नाही, म्हणून चाचण्या नाहीत; चाचण्या नाहीत, म्हणून तो बंद आहे; आणि बंद आहे, म्हणून आपण तो परवा नेणार आहात.

८. तरी विनंती, की दाखला राहू द्यावा, पण बोर्ड राहू द्यावा. नेणे अटळच असेल, तर एक बाब विचारात घ्यावी. उतरवून झालेल्या फितीत राणीवर खोटा आळ येतो, राजा तिला भर दरबारात गुडघ्यांवर बसवतो, आणि फीत संपते. तिला माफी मिळते ती दुसऱ्या फितीत. ती फीत अजून उतरवलेली नाही. आपण बोर्ड परवा नेलात, तर ती बाई तशीच बसून राहील, आणि का, असे प्रेक्षकांनी विचारल्यास मंडळाला आपल्या कक्षाचे नाव सांगावे लागेल.

निर्णयाच्या प्रतीक्षेत, आदरपूर्वक,

क्वाह सोक इम
चिटणीस, चुन हुआ बाहुली मंडळ
जॉर्ज टाऊन, दि. ९ सप्टेंबर