डावी पाकळी

आबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली तरी तुमच्यावर चिडायचं माझं संपलेलं नाही. परवा तर चहा गाळता गाळता इतकी चिडले की गाळणंच मोरीत आपटलं. तुमच्या नातीचा नागपूरला, जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागलाय. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब पोर धाडायची व्हय?" हे म्हणाले, तू म्हणशील तसं. मी आपलं 'बघू' म्हटलं, तर हसायला लागले. "तुज्या माहेरात कौल लावत्यात न्हवं? मग जा की पिंपळीला, इचारून ये." कळंबला नांदायला येऊन वीस वर्षं झाली, तरी तुमचा कौल काही माझी पाठ सोडत नाही.

आपल्या घरात कुणी कधी काही ठरवलंच नाही. मेंढरं कुणाच्या रानात बसवायची, विहीर कुठं पाडायची, दादाला कुठली मुलगी करायची, सगळं मळ्याच्या कडेच्या बिरोबाला विचारायचं. झेंडूच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बारामतीच्या नर्सिंगचा फॉर्म मी आणला त्या सकाळी तुम्ही हात जोडून उभे आहात, मागं मी, दोन वेण्या घालून, फॉर्म छातीशी धरून. डावी पडते. तुम्ही ती उचलून कपाळाला लावता आणि माझ्याकडं न बघता म्हणता, "देवच न्हाय म्हंतोय बाय, तितं मी काय बोलू?" मी रडलेसुद्धा नाही. देवाशी कोण भांडणार?

खरी चिडले ती दोन वर्षांनी, तुमच्या या नातीच्याच वेळी बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा. तुम्हाला मेंढरं विकून ट्रॅक्टर घ्यायचा होता. डावी पडली. तुम्ही म्हणालात, "पाकळी लईच वली हुती." पुन्हा लावली, पुन्हा डावी. "वारं सुटलंय, हे काय खरं न्हाय." तिसऱ्यांदा उजवी पडली आणि तुम्ही आईला नारळ आणायला पिटाळलंत. ट्रॅक्टरसाठी देवाला तीनदा विचारलंत, आबा. माझ्यासाठी एकदाच. पाठवायचं नव्हतं तर तसं तोंडानं म्हणायचं होतंत! मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, कुणी सांगावं, तुम्ही ऐकलंही असतंत. भांडायला समोर माणूस तरी राहिला असता. खापर देवाच्या माथी फोडून तुम्ही मोकळे झालात आणि मी संध्याकाळी भाकरी थापायला बसले.

आणि तुमच्यावर चिडण्यात एवढी वर्षं गेली, पण ठरवायला मीही शिकले नाही. साडी घ्यायची तरी दुकानदारालाच विचारते, तुम्हीच सांगा कुठली चांगली दिसेल. मुलगी त्यावर हसते. या वेळी हसली नाही. म्हणाली, "आई, देवाला मी इचारलंच न्हाय. तुला इचारतीय."

तरी गुरुवारी पिंपळीला गेलेच, तिला घेऊन. ती बाहेर बाभळीखाली उभी. मी पाकळ्या लावल्या. डावी पडली. वारं असेल, असं मीच पुटपुटले आणि तुमचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. पुन्हा लावल्या. डावी. तिसऱ्यांदाही डावीच. चौथ्यांदा लावायला पाकळी भिजवली, मग ती तशीच देवाच्या पायाशी ठेवली आणि बाहेर आले. तिनं काही विचारायच्या आत म्हटलं, "मी सांगते, तू जा." ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

हा कागद बिरोबापुढं ठेवायचा म्हणून लिहायला घेतला होता. ठेवणार नाही, पुजारी वाचेल आणि गावभर करेल. शिवाय एक राहिलंच. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाला देव? मी म्हटलं, उजवी पडली. त्यांनी लगेच देवापुढं साखर ठेवली. तुम्ही निदान उजवी पडेपर्यंत उभे तरी राहायचात.