पहिल्या रांगेतली खुर्ची

सातारा, ता. ६ जानेवारी १९७४

चि. सौ. जाईस,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही सर्व खुशाल.

३ मार्चला, रविवारी दुपारी, तू शिकवतेस त्याच शाळेच्या हॉलमध्ये आपला कार्यक्रम ठरला! पलटणीच्या बँडमध्ये सोळा वर्षं सेलो ओढला तो साहेबांच्या जेवणावळीत. आता आपल्या माणसांसाठी. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ आणि तुझा पियानो. आधी भूप, भीमपलास, मग आपल्याकडच्या ओव्या.

शेवटी मात्र आबांची सनईची चाल हवी. वऱ्हाड मांडवाशी आलं की ते वाजवायचे ती. विचारलं तर उठून अंगणात गेले. तू त्यांची लाडकी लेक, तूच लिही. आणि रियाज कर, नाहीतर स्टेजवर कान धरीन.

तुझा,
सयाजीदादा


सांगली, ता. १५ जानेवारी

ती. दादास,
सविनय जयभीम. पत्र पावलं. कान धरायला आधी मला गाठावं लागेल!

आबांना मी लिहिणार नाही. धर्मांतराच्या साली त्यांनी सनई कोयनेत सोडली आणि गावकीचं वाजवणं संपलं म्हणाले. तू तेव्हा अठराचा होतास, मी आठची. पण इनामदारांच्या लग्नात मी त्यांच्याशेजारी बसलेली आठवते. मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगापाशी. पंगती उठेपर्यंत ते वाजवत होते आणि मी भुकेनं रडत होते. ती चाल आठवली की मला अजून तो चपलांचा ढीगच दिसतो. नको म्हणतात तर नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
जाई


सातारा, ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. जाईस,
अनेक आशीर्वाद. रागावू नकोस, चाल मिळाली.

मी मुद्दाम ती चुकीची वाजवत बसलो. दोन दिवस आबांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी अंगणातूनच ओरडले, आरं तसं न्हाई, तितं थांबायचं आस्तं. मग माझ्यापुढं बसून सगळी गायले. शेवटी म्हणाले, वाजीव, पर माज्याम्होरं नगं.

पण जाई, ज्या चालीपायी ते दाराबाहेर बसले, ती त्यांनी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ऐकावी असं मला फार वाटतं. त्यांना आणतोय. चाल गाळली आहे असं सांगितलंय. सोबत तुझ्यासाठी स्वरलेखन. आता मोडता घालू नकोस.

तुझा,
दादा


सांगली, ता. ५ मार्च

ती. दादास,
जयभीम. कार्यक्रम संपताच तू आबांना घेऊन बस गाठलीस, म्हणून लिहिते. सेलो वाजवताना तुझे डोळे मिटलेले असतात. माझे उघडे होते.

चाल सुरू झाली आणि आबा उठले. फेटा सावरला, वाकून रांगेसमोरून गेले आणि दाराशी काढलेल्या चपलांजवळ जाऊन बसले. मांडी घालून, पाठ ताठ. आमच्या शाळेचा शिपाई सिद्धू त्यांना उठवायला गेला तर हात जोडून काहीतरी म्हणाले. मी नंतर सिद्धूला विचारलं. हितंच बरं हाय सायब, म्हणाले होते.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. तुझा भरवसा मोडेल, हॉलमधले हसतील, असलं काहीबाही डोक्यात आलं. टाळ्या पडल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा, तू त्यांना फसवलंस आणि मी साथ केली.

जाई


सातारा, ता. १८ मार्च

चि. जाईस,
तुझं पत्र चारदा वाचलं. एक अक्षर खोटं नाही. टाळ्या संपल्यावर डोळे उघडले तेव्हा मला खुर्ची रिकामी दिसली. बाहेर गेले असतील असं वाटलं. असा मी शहाणा.

बसमध्ये, का उठलात म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, मला न्हाई कळलं कवा उठलो. पायच उठलं. आल्यापासून घरात खुर्चीवर बसत नाहीत. उंबऱ्याशी बसतात, ताटही तिथंच मागतात. तुझी वहिनी रडते. मी पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला, पण उठले नाहीत. फलटणहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं, नाही म्हणून कळवलं.

परवा त्यांनी आपणहून एकच गोष्ट विचारली. जाईनं बगितलं का रं, म्हणाले. मी नाही म्हणालो. ती पियानोकडं बघत होती, म्हणालो. त्यावर त्यांनी कितीतरी दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.

सुट्टीत येशील तेव्हा विचारतील. तूही नाहीच म्हण. या भावावर माया राहिली असली तर एवढं कर.

तुझा,
सयाजी