मेथीचं वाक्य

६ जानेवारी, सोमवार

ओढा आज जांभळा! कबनूरच्या अलीकडे, पुलाखाली. मागच्या आठवड्यात तांबडा होता. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा पाइप सरळ पाण्यात सोडलाय, लपवायचीसुद्धा तसदी नाही. वॉचमन म्हणतो, "ओ पावणं, फोटो काढायचा न्हाई." म्हटलं, मी रेडिओचा माणूस, मला फोटो लागतच नाही. माइक पुढे केला तर पाठ फिरवून तंबाखू मळत बसला.

८ जानेवारी

बयाबाई भेटल्या. साठी उलटलेली. ओढ्याकाठी दहा गुंठ्यांचा तुकडा — मेथी, पोकळा, चाकवत. सगळं याच पाण्यावर! सकाळी पाटी डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली विकतात.

आधी बोलायलाच तयार नव्हत्या. "माझं नाव घालणार न्हाईसा न्हवं?" मी शब्द दिला. मग सुटल्या. "मागं तांबडं, आज जांभळं. उद्याचा रंग मालकालाच ठावं." आणि मी माइक आवरायला लागलो तेव्हा, सहज — "ही मेथी मी माझ्या नातवंडास्नी घालत न्हाई. पर इकाय लागती की. न्हाई इकली तर खाऊ काय?"

सात वर्षं रेडिओसाठी नद्या, ओढे, रानं धुंडाळतोय. असं वाक्य कधी मिळालं नव्हतं. घरी येईपर्यंत चार वेळा ऐकलं.

१३ जानेवारी, सोमवार

गणपतरावांनी कात्री लावली. आमच्या केंद्रावर माझे कार्यक्रम तपासून सही करणारे तेच. मालकाचं नाव काढ म्हणाले, हातात पुराव्याचा कागद नाही. बरं, काढलं. तोंड कडू झालं, पण काढलं.

दुसरी कात्री मेथीच्या वाक्यावर! का? "राहू दे की विजयसिंह. बाकीचं पुरं हाय." पुरं हाय म्हणे! तीस वर्षं खुर्ची सांभाळली की माणूस असाच मिळमिळीत होतो. कुणाचा तरी फोन येईल म्हणून आतापासूनच घाम.

१४ जानेवारी

संक्रांत. गणपतरावांनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले. खाल्ला आणि परत भांडलो! केबिनचं दार उघडं होतं. ऐकू दे सगळ्यांना. म्हटलं, मेथी गेली तर माझा कार्यक्रमच नको, त्या वेळात भजनं लावा. गणपतरावांनी पेन उचललं. मग, "त्या बाईला विचारलंयस न्हवं?" — विचारलंय म्हणालो. नावाचं विचारलं होतंच की. सही केली.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेसातला कार्यक्रम लागला! मेथीचं वाक्य अगदी शेवटी ठेवलं, त्यानंतर दोन सेकंद नुसतं ओढ्याचं पाणी. फोन थांबेनात. मुरगूडच्या एका शिक्षकांना बोलताना हुंदका आवरेना. गणपतरावांच्या टेबलासमोरून मुद्दाम दोनदा गेलो. खाली मान घालून फाइल वाचत होते. वाचा!

२१ जानेवारी

ओढा हिरवा. पाइप तसाच. वॉचमननं या वेळी हाक मारून चहा विचारला. चहा! काडीची भीती नाही कुणाला. सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं आणि यांच्या कानावरची माशीही हलली नाही. लेकाचे! संताप, संताप नुसता. येताना बयाबाईंच्या तुकड्याकडे पाहिलं, त्या दिसल्या नाहीत. मेथी काढायला आली होती, उभीच होती. बाजाराला गेल्या असतील म्हणून पुढे आलो.

२४ जानेवारी

बयाबाईंचा फोन. मला वाटलं, कौतुक करतील.

"नाव न्हाई घेतलंसा दादा, खरं हाय. पर रोज दारात येऊन 'मेथी घ्या गंऽऽ' म्हणून वरडणारीचा आवाज कोण वळखत न्हाई? सा दिस झालं. पाटी भरून न्हेत्ये, तशीच भरून आणत्ये. मला बघितलं की बायका दारं लावून घेत्यात."

त्यांनी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती.

नाव तर मालकाचंही घेतलं नव्हतं. तो सुखरूप आहे.