फियाटचे पिवळे दिवे

५ फेब्रुवारी १९८४, रविवार
निश्चय. जुन्या फियाटला दोन पिवळे फॉग लॅम्प मी स्वतः बसवणार. १९ तारखेला मनमाडला सावळीरामच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न. नवरदेवाला नाशिकहून आमच्या गाडीतून आणू, असा शब्द चंद्रभागेनं भावाला दिलाय. पहाटे निघायचं, म्हणजे वाटेत धुकं असणारच. सासरवाडीत मला आरंभशूर म्हणतात. बघतोच आता.

८ फेब्रु.
गंगापूर रोडला कादर मिस्त्रीकडे नुसती वायर घ्यायला गेलो. म्हणाला, गाडी ठेवून जा, तासाभराचं काम आहे. मी हसलो. अंबडच्या कारखान्यात चौदा वर्षं इलेक्ट्रिक स्टोअर सांभाळतोय. म्हणजे रजिस्टर सांभाळतो, पण वायर रोज नजरेखालून जाते.

११ फेब्रु., शनिवार
बंपरला भोकं पाडली. हवी होती चार, पडली सात. जास्तीची हवेला उपयोगी पडतील.

१२ फेब्रु.
दिवे लागेनात. दुपारी लागले, पण हॉर्न दाबला की. नवरदेवाच्या गाडीला शोभलं असतं. चंद्रभागा नको म्हणाली. हिचा प्रत्येक गोष्टीत मोडता.

१५ फेब्रु., सकाळी ६
यश! बॅटरीवरून थेट वायर ओढली. गाडीचं बटण मिळेना, म्हणून मोरीतलं काढून डॅशबोर्डखाली बसवलं. जागा अडचणीची, त्यामुळे उलटं बसलं. घरी खाली केलं की दिवा लागतो, इथे वर केलं की लागेल. एवढं लक्षात ठेवायला काय अक्कल लागते?
मोरीत तूर्त मेणबत्ती.

१७ फेब्रु.
कादरला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाला, "साहेब, बटण उलटं हाये. हाताची सवय जात नाय." फुकट सरळ करून देतो म्हणाला. श्रेय लाटायला बघतो लेकाचा. चहा पाजून वाटेला लावला.

१८ फेब्रु., शनिवार, रात्री साडेनऊ
गाडी धुतली. झेंडूच्या माळा बांधल्या. उन्हातच दिवे दोन-चारदा लावून-विझवून पाहिले, झकास. मग बटण नीट वर करून बंद केले आणि फुलं सुकू नयेत म्हणून वरून ताडपत्री टाकली. चंद्रभागा म्हणते, ताडपत्रीखाली उजेड दिसतोय. म्हटलं, कालच पौर्णिमा झाली, चांदणं आहे ते. तरी बघायला निघाली होती. नवऱ्यावर विश्वास म्हणून काही असतो, असं सुनावलं. फिरली मागे.

१९ फेब्रु., पहाटे ५
गाडी टक म्हणाली. नुसतीच टक. बॅटरी ठार. पहाटेच आमच्या दारात आलेल्या नवरदेवानंही पांढऱ्या कपड्यांत धक्का मारला. काही नाही.
शेजारचा पुंजा द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन टेम्पोनं पिंपळगावला निघाला होता. त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. कबूल झाला, थेट मनमाडपर्यंत.

२० फेब्रु., सकाळ
कालचं लिहून ठेवतो. बुद्धवंदना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो. विहारापुढच्या मांडवात सगळ्यांसमोर नवरदेव क्रेटवरून उतरला. सबंध वाटेत धुकं कुठेच नव्हतं. सावळीरामनं फक्त बहिणीकडे बघितलं, आणि तिनं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.
परतीच्या एसटीत ती एवढंच म्हणाली, "मोरीतलं बटण जागेवर लावा."
आत्ता लावलं. उलटं बसलंय. कादरला निरोप धाडला.