बारा चकत्या

ता. ४ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून पत्रच लिहितो. आमच्या कारखान्याची गाडी तुझ्या गल्लीवरून जाते. ड्रायव्हरकाका हे पत्र आणि पिशवी हातात देतील.

पिशवीत वाळवलेल्या स्ट्रॉबेरी आहेत. पाणी मोजून प्यावं लागतं, तोंड सुकतं, आंबट फळ जिभेवर ठेवलं की बरं वाटतं, असं तू म्हणाली होतीस. डॉक्टरांनी दिवसाला तीन ताजी फळं चालतील म्हटलं, पण आता हंगाम संपत आला, तिकडे ताजी मिळायची नाहीत. बाजारात जाणारा माल साखरेच्या पाकात बुडवतात. हा तसा नाही, नुसतं फळ आहे. मी स्वतः कापलं. चोथाही राहतो, आणि वजन म्हणशील तर पिसासारखं. सकाळ-संध्याकाळ मूठभर खा, खुशाल.

नववीत शाळा सुटली तेव्हा याचं आता काय होणार, असं सगळे तुला विचारायचे. तू मला शिवणयंत्राशेजारी बसवून कात्री धरायला शिकवलंस. आज चकती एकसारखी पडते म्हणून मुकादम नव्या लोकांना माझा हात बघायला सांगतात. तो हात तुझाच.

माया आहे तशी असू दे. डायलिसिसचा वार चुकवू नकोस.

तुझा,
मोजपट्टी

ता. ९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

पिशवी बाजूला ठेव. आधी ठेव, मग पुढचं वाच.

जेवणाच्या सुट्टीत मी तपासणीच्या टेबलावरच्या ताईंना सहज सांगितलं, की आत्याच्या किडन्या अधू आहेत, तिला मूठभर खायला सांगितलंय. त्यांचा घास हातातच राहिला. मूठभर म्हणजे किती फळं, असं त्यांनी विचारलं. रोज शेकडो फळं कापणाऱ्या मला सांगता येईना. त्यांनी माझी मूठ काट्यावर रिकामी करायला लावली. वाळवताना पाणी जातं, थोडं क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. साखर, चोथा आणि तुला नको असलेलं पोटॅशियम मात्र आतच राहतं. माझी एक मूठ पंधरा फळांची निघाली. दोन वेळच्या तीस. तुला परवानगी तीनची. पोटॅशियम चढलं तर हृदयावर येतं, असं त्या म्हणाल्या.

आज पाच दिवस झाले. धडधडतं का? हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटतं का? आजच दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. पत्र देण्याआधी तोंडी सांगा, असं काकांना दोनदा बजावलंय.

मी पिसाचं वजन बघितलं, आत्या. आत काय आहे ते बघितलं नाही. रागाव, पण उत्तर लिही.

तुझा,
मोजपट्टी

ता. ११ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

तुझ्या ड्रायव्हरकाकांनी गाडी बंद न करताच खाऊ नका, खाऊ नका अशी बोंब ठोकली. समोरच्या बाई दारात पाव खात होत्या, त्यांनीही तो टाकून दिला.

मी ठणठणीत आहे. काल रक्त दिलं, पोटॅशियम होतं तिथेच आहे. वेड्या, कापलेले तुकडे कोणी आणून दिले तर ते जुळवून बघितल्याशिवाय मी कधी सुई ओवलीय का? पिशवी ताटात ओतली. दोन कडेच्या चकत्या, गोल पाठीच्या. दोन मधल्या, पोटात पांढऱ्या. चारांचं एक फळ बसलं. डॉक्टर म्हणाले तीन, म्हणून मी रोज बाराच काढते. डॉक्टरांनाही ताटलीत मांडून दाखवलं. एवढंच चालेल, तेरावी नको, म्हणाले.

मोजपट्टी हे नाव मीच ठेवलं, पण माया करताना तुला माप राहत नाही. तुझी मूठ मी मनावर घेतलीच नव्हती. मात्र तू एकसारखं कापलंस म्हणून जुळलं. वेडंवाकडं कापलं असतंस तर मला मोजता आलं नसतं.

दुपारी घसा कोरडा पडला की एक चकती जिभेवर ठेवते. ती विरेपर्यंत पाण्याची आठवण होत नाही. दोन वर्षांत एवढं सुख कोणी दिलं नव्हतं. आणि घाबरून लिहिलंस तरी एक वेलांटी चुकली नाही, शाबास!

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या

ता. १३ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडीच्या पायरीवर बसूनच वाचलं. मग ताईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या, डोळेही पुसले. पाकिटावर आता किती फळांचं ते छापा, असं त्या मालकांना सांगणार आहेत.

माझं ऐकलं नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार कसे मानू?

सोबत सात पुड्या आहेत, प्रत्येकीत बारा. एका फळाच्या चार चकत्या ट्रेवर शेजारी ठेवून वाळवल्या आणि तशाच एकावर एक बांधल्या. तुला जुळवत बसायला नको.

तरी तू जुळवून बघशीलच. बघ.

तुझा,
मोजपट्टी